फाइलच्या नावात स्पेस आहे? मग या चुका टाळा

सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांत डिझाइनच्या फायलींना 'मोर नवा फायनल' अशीच नावं असतात. 'स्पेस काढा, अंडरस्कोर टाका' हा सल्ला मला पटत नाही. गिऱ्हाईक फाइल पाठवतं ती त्याने ठेवलेल्या नावाने. सांभाळायचं काम युनिक्स-लिनक्सच्या कमांडचं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे फायली शोधणाऱ्या फाइंडची यादी पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) थेट एक्सआर्ग्जला (xargs, नावं पुढच्या कमांडला पुरवणारा) आणि तिथून फायली पुसणाऱ्या आरएमला देणं. एक्सआर्ग्ज स्पेस दिसली की नाव तोडतो. अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नव्या पोराने 'जुने' फोल्डर असाच साफ केला. आत 'रद्द मोर.बीएमपी' होती. आरएमच्या हाती पडलं 'जुने/रद्द' आणि 'मोर.बीएमपी'. पहिलं नाव कुठेच नव्हतं. दुसरं होतं, पण बाहेरच्या फोल्डरमध्ये: चालू ऑर्डरचं डिझाइन. ते उडालं, रद्दी जागेवर राहिली. घाईत आरएमला डॅश-एफ (फाइल नसली तरी गप्प राहायचा पर्याय) लावलेला, त्यामुळे एररही दिसला नाही. डिझाइन नव्याने काढेपर्यंत नक्षी विणणारा जकार्ड माग बंद.

उपाय सोपा आहे. फाइंडला प्रिंट-झिरो लावा, एक्सआर्ग्जला डॅश-झिरो; मग नावं स्पेसने नाही, नलने (शून्य किमतीचं अदृश्य चिन्ह) वेगळी होतात. युनिक्समध्ये फाइलच्या नावात स्लॅश आणि नल सोडून काहीही चालतं, अगदी एंटरसुद्धा. म्हणून दोन नावांमध्ये भरवशाचा फक्त नल. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत हे दोन्ही पर्याय आले आहेत. मी स्वतः शक्यतो पाइपच टाळतो. फाइंडचं एक्झेक (सापडलेल्या फायलींवर थेट कमांड चालवणारा पर्याय) आणि शेवटी प्लस. आणि आरएमच्या जागी आधी नुसती नावं दाखवणारं एलएस घालून यादी वाचतो. एवढा धीर नसेल त्याने आरएमला हात लावू नये.

टॉवेलच्या मापातली इंचाची खूण वेगळाच घोळ घालते. नुसत्या एक्सआर्ग्जला ती अवतरणचिन्ह वाटते. '६०"' मध्ये एकच खूण, म्हणून तो एरर देऊन थांबतो. '३०"x६०"' मध्ये जोडी जमते, मग दोन्ही खुणा गुपचूप गळतात आणि '३०x६०' ही भलतीच फाइल शोधली जाते. इथेही डॅश-झिरोच कामाला येतो.

शेल स्क्रिप्टमध्ये (कमांड लिहून ठेवलेली फाइल) व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात. एलएसच्या आउटपुटवर लूप फिरवू नका, थेट स्टार (फोल्डरमधली सगळी नावं) वापरा. नाव डॅशने सुरू होत असेल तर आधी डॉट-स्लॅश लावा, नाहीतर कमांड त्याला पर्याय समजते.

मराठी नावं लांबलचक ठेवणाऱ्यांसाठी: ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं अक्षर, काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. स्क्रिप्टने पुढे तारीख जोडली की कॉपी तिथेच अडते.