आकारांची ओळख: आधी कड, मग नाव

तीन-चार वर्षांच्या मुलाला चित्र दाखवून ‘हा त्रिकोण’ असे सांगितले, तर ते नाव लगेच पाठ करते. कोपरा म्हणजे काय, हे मात्र त्याच्या बोटांना कळलेले नसते. म्हणून नावाआधी त्याला कड हाताळू द्यावी.

जाड पुठ्ठ्यातून साधारण १० सेंटिमीटर मापाचे वर्तुळ, चौरस आणि समभुज त्रिकोण कापावेत आणि कापून उरलेली चौकटही जपून ठेवावी. तिन्ही तुकडे एकाच रंगाचे असावेत, कारण रंग वेगळे असले की मूल आकाराऐवजी ‘लाल’ आणि ‘निळा’ ओळखू लागते. कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, पण कोपरे गोलावू नयेत. सारा धडा तिथेच आहे.

शेजारी बसून, काही न बोलता, तर्जनी आणि मधले बोट कडेवरून सावकाश फिरवून दाखवावे आणि मग मुलाला फिरवू द्यावे. वर्तुळावर बोटे न थांबता फिरत राहतात, तर चौरसाची बाजू संपताच ती क्षणभर अडतात, वळतात आणि पुन्हा सरळ निघतात. त्यानंतर तुकडा चौकटीत बसवायला द्यावा. चुकीचा तुकडा चपखल बसत नाही, त्यामुळे आपल्याला ‘चुकलं’ म्हणावे लागत नाही. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’ ही लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीतल्या लाकडी आकृत्याही अशाच खाचेत बसतात.

नाव सांगताना फ्रेंच डॉक्टर व शिक्षक एदुआर सेगँ यांच्याकडून आलेली तीन टप्प्यांची रीत उपयोगी पडते: ‘हा चौरस’, मग ‘चौरस कुठला, दे बरं’, आणि शेवटी ‘हा कुठला आकार?’. शेवटी अडखळले, तर पहिल्या टप्प्यावर परतावे. इथे आपल्या बोलीची सवय आड येते: आपण चेंडूलाही गोल म्हणतो आणि बांगडीलाही. मुलाशी बोलताना चेंडू गोल, बांगडी वर्तुळ आणि चारही बाजू सारख्या व कोपरे काटकोनी असतील तोच चौरस, एवढा काटेकोरपणा पाळावा.

हात सरावल्यावर डोळ्यांना काम द्यावे. आधी पूर्ण रंगवलेली, मग जाड रेघेची आणि शेवटी बारीक रेघेची आकृती असलेली कार्डे करून त्यांवर तुकडा ठेवायला सांगावे. त्रिकोण टोकावर उभा करूनही दाखवावा, नाहीतर तळाशी आडवी बाजू असेल तोच त्रिकोण, असा समज होतो. हे जमले की तुकडे कापडी पिशवीत घालून, न पाहता, नुसत्या स्पर्शाने ‘त्रिकोण काढ’ म्हणावे.