आयोना बेटावरचा नन्सचा मठ कसा बघायचा

स्कॉटलंडमधल्या आयोना बेटावर उतरलं की बहुतेक लोक सरळ मोठ्या अ‍ॅबीकडे (म्हणजे पुरुष साधूंच्या जुन्या मठाकडे) पळतात, प्लीज तसं करू नका. जेटीपासून थोडं चाललं की गुलाबी ग्रॅनाइटच्या पडक्या भिंती दिसतात, तोच नन्सचा मठ. साधारण १२०० च्या सुमारास इथल्या पश्चिम बेटांचा राजा सोमरलेड याचा मुलगा रॅनल्ड याने तो उभारला आणि त्याची बहीण बेथॉक पहिली प्रमुख झाली.

आधी चर्चमध्ये शिरा, कमानी नीट बघा, मग दक्षिणेकडच्या मोकळ्या चौकात या. चौकाच्या पूर्वेला नन्सच्या रोजच्या बैठकीची खोली, भिंतीलगतचे दगडी बाक अजून आहेत. दक्षिणेला जेवणाचा हॉल, त्याला बाहेरून वळसा घाला आणि मान वर करा, भिंतीवर शीला-ना-गिग म्हणजे उघड्या अंगाच्या बाईचं कोरीवकाम आहे, खूप झिजलंय त्यामुळे घाईत हमखास सुटतं.

१५६० मध्ये स्कॉटलंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं, त्या धर्मसुधारणेनंतर मठ बंद पडला आणि पडझड झाली, म्हणून छप्पर वगैरे शोधत बसू नका.

१५४३ मध्ये वारलेल्या प्रमुख अ‍ॅना मॅक्लीनचा थडग्याचा दगड मात्र इथे नाही, तो अ‍ॅबीच्या म्युझियममध्ये ठेवलाय, अर्धाच उरलाय पण तिच्यासोबत तिची छोटी कुत्रीही कोरलीत, तो बघाच.