वर्तन शिकायचंय? आधी जवळच्या रिकाम्या प्लॉटवर जा

बारावीचे आणि बीएस्सीचे निकाल लागले की मला एक प्रश्न हमखास येतो: "ताई, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायचाय. ताडोब्याला कुठे इंटर्नशिप मिळेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. ताडोबा पुढे होईलच. पण जिप्सीतून वाघ दिसतो तो काही मिनिटं, आणि तेवढ्यात वर्तन कळत नाही. त्यासाठी तोच प्राणी पुन्हा पुन्हा, तासन्‌तास डोळ्यांसमोर हवा. ती सोय कावळा, साळुंकी, सातभाई, खार, पाल आणि टिटवी करतात.

ही दुधाची तहान ताकावर भागवणं नव्हे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० मध्ये हाताशी नोकरी नसताना अलिबागजवळच्या किहीमला राहत्या घराशेजारची सुगरणींची वसाहत बघितली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो, हे त्या बघण्यातून पुढे आलं. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयातल्या मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेलं काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. ते मी नवीन मुलांना आवर्जून सांगते. वेडा राघू म्हणजे उडते किडे पकडून खाणारा छोटा हिरवा पक्षी. तो मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो. माणूस बिळाच्या आसपास उभा असला की चोचीत किडा धरून तो ताटकळतो, आत शिरत नाही. पण माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर, मात्र बीळ दिसणार नाही अशा जागी उभा असेल, तर राघू जास्त सहज आत जातो. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय, यावर पक्ष्याचं वागणं बदलतं. अभ्यास सुरू करताना हे डोक्यात पक्कं असावं: तुम्ही बघताय, तसंच तुमच्याकडेही कुणीतरी बघतंय. त्यामुळे रोज एकाच जागी बसा, जाण्यायेण्याची वाट एकच ठेवा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं काही नोंदवू नका.

माझी स्वतःची लाडकी टिटवी. आमच्या भागातल्या एका मोकळ्या प्लॉटवर उन्हाळ्यात तिचं घरटं असतं. घरटं कसलं, खडे सारून केलेला उथळ खळगा आणि त्यात चार ठिपकेदार अंडी. नजर हटली की पुन्हा सापडत नाहीत. भर दुपारी ती उठते, बांधकामाच्या नळाखाली साचलेल्या पाण्यात पोट टेकते, पिसं चांगली भिजवते आणि तशीच चालत येऊन अंड्यांवर बसते. नवीन मुलं वहीत लिहितात, "टिटवीने अंडी थंड केली." मी ते खोडून असं लिहायला लावते: "१.४० – पाण्यात बसली. पोट तीनदा बुडवलं. चालत खळग्याकडे. पिसं फुलवून बसली." अंडी थंड राहतात हा अर्थ आहे, आणि तो चुकीचा नाही. पण त्याची जागा समोरच्या पानावर. डाव्या पानावर दिसलेलं, उजव्या पानावर वाटलेलं. एवढी एक शिस्त लागली की निम्मं शिक्षण झालं.

त्याच घरट्यावर दुसऱ्या प्राण्यांशी होणारे व्यवहारही बघायला मिळतात. कुत्रा लांबून दिसला तरी जोडी आकाश डोक्यावर घेते, त्याच्या अंगावर झेपा टाकते आणि त्याला खळग्यापासून दूर नेते. चरत चरत म्हैस आली तर मात्र पक्षी खळगा सोडत नाही. पंख पसरून तिच्या तोंडासमोर उभा राहतो, ती वळेपर्यंत. कुत्र्यापासून अंडी खाल्ली जाण्याचा धोका, म्हशीपासून तुडवली जाण्याचा. कोण आलं, किती अंतरावर, जोडीतल्या कुणी काय केलं, किती वेळ – असा तक्ता आखलात तर एका उन्हाळ्यात छान प्रकल्प होतो.

पद्धतीबद्दल थोडं. जे दिसेल ते लिहीत गेलं की वहीत भांडणं आणि पाठलाग भरतात. पिसं साफ करणं, नुसतं बसणं राहून जातं. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ च्या लेखात नेमकं हेच मांडलं. उपाय दोन: एकच प्राणी निवडून ठरलेला वेळ त्याचं सगळं नोंदवायचं (फोकल), किंवा दर पाच मिनिटांनी थव्यावरून नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपायचं (स्कॅन). त्याआधी वागण्याच्या प्रकारांची व्याख्येसह यादी करा. तिला एथोग्राम म्हणतात. सातभाईंच्या थव्याला स्कॅन बरं पडतं, टिटवीला फोकल.

साहित्याला फार महत्त्व देऊ नका. वही, पेन्सिल, घड्याळ. दुर्बीण पुढे घ्याल तेव्हा ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची). दुर्बीण इमारतींच्या दिशेने रोखावी लागणार असेल तर वॉचमनकाकांना आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मुलींनी सुरुवातीला जोडीने जावं. आणि घरट्याचा जवळून फोटो काढू नका, जागाही कुठे टाकू नका. तुमच्या मागोमाग कावळा आणि मांजर तिथे पोचतात.

पुढच्या शिक्षणासाठी गरवारेत जैवविविधतेचा एमएस्सी आहे, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) वन्यजीव विषयाचा एमएस्सी आहे. सगळीकडे दरवर्षी प्रवेश असतातच असं नाही, म्हणून जाहिरातींवर लक्ष ठेवा. संख्याशास्त्र आणि त्यासाठी वापरली जाणारी 'आर' ही संगणकभाषा आत्तापासून शिका. ते टाळून या क्षेत्रात पुढे जाता येत नाही. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलसोबत निरीक्षणाची वही न्या. मी मुलांची निवड करते तेव्हा आधी तीच उघडते.

जूनमध्ये सुरुवात करणार असाल तर कावळ्याचं घरटं शोधा. ठिपकेदार कोकिळा त्याच्या आसपास कधी येते, काळा नर कोकीळ तेव्हा कुठे असतो आणि कावळे कुणाच्या मागे लागतात, एवढं तीन आठवडे नोंदवा. मग प्रश्न घेऊन या.