विमच्या तावडीतून सुटका

रात्री साडेअकराला गिट कमिट मारलं (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, कमिट म्हणजे अशी एक नोंद) आणि नोंदीचा मेसेज लिहायला समोर विम हा मजकूर-संपादक उघडला. मेसेज लिहायला घेतला, सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं, तर स्क्रीनच गोठली! (दोष विमचा नाही, त्या कळांनी टर्मिनलच, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकीच, थांबते.) वैतागून ‘एक्झिट’, ‘क्विट’, शेवटी ‘बाबा सोड’ असं काहीबाही बडवलं. कंट्रोल-क्यूने स्क्रीन हलली आणि हे सगळं कमिट मेसेजात उमटलेलं दिसलं. मग सेव्ह न करता बाहेर पडायच्या कळा: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सुटलो! काहीच सेव्ह न झाल्याने कमिटही रद्द झालं, ते एक बरं.

सकाळी गिटच्या ‘कोअर डॉट एडिटर’ या सेटिंगला विमऐवजी नॅनो हा दुसरा संपादक लावला. त्यात बाहेर पडायची कळ खालीच लिहिलेली असते. विम १९९१ पासून आहे, एवढी एक ओळ टाकायला काय जात होतं?