कॉलेजसाठी नवीन ॲप किंवा एलएमएस (नोट्स, टेस्ट, मार्क सगळं ऑनलाइन सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेताय? आधी या चुका टाळा

डेमो बघून भुलू नका. डेमो होतो प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कंपनीवाल्याच्याच लॅपटॉपवर, फुल वायफायवर, वर चहा-समोसे. आणि मुलं ते वापरणार एसटीत बसून, काच तडकलेल्या फोनवर, दिवसाच्या दीड जीबीतलं जे काय उरलंय त्यात. आमच्याकडे एक ॲप असंच मोठ्या उत्साहात घेतलं, पहिल्याच टेस्टला निम्म्या मुलांच्या फोनमध्ये ते इन्स्टॉल करायला जागाच नव्हती आणि काहींचा ओटीपी जायचा वडिलांच्या नंबरवर, वडील शेतात. म्हणून आधी एकाच वर्गाला 2-3 आठवडे वापरायला द्या, आणि वर्गातला सगळ्यात रडका फोन शोधून, मोबाईल डेटावर, स्वतः एक टेस्ट सबमिट करून बघा.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की सगळ्यांना अचानक आयसीटी (शिकवण्यात तंत्रज्ञानाचा वापर) आठवतं, मग काहीतरी घ्यायचं म्हणून घेतलं जातं. त्यापेक्षा विचारा, शिकवताना आपलं नेमकं अडतंय कुठं? नुसत्या नोट्स पाठवायच्या असतील तर गूगल क्लासरूम पुरे. 120 मुलांच्या दर आठवड्याच्या टेस्ट तपासून जीव जात असेल तर मग मूडल या एलएमएसमधलं क्विझ कामाचं, ते उत्तरं आपोआप तपासतं. (मूडल फुकट आहे, पण सर्व्हर, अपडेट, बॅकअप बघणारा माणूस फुकट नाही. एका कॉलेजात हे सगळं तासिका तत्त्वावरच्या मॅडम एकट्या सांभाळायच्या, टर्म संपली, मॅडम गेल्या, ॲडमिन पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. ॲडमिन लॉगिन कुणाच्या पर्सनल जीमेलवर ठेवू नका.)

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. आत कसं जायचं ते सगळे बघतात, बाहेर कसं पडायचं ते कुणी बघत नाही. शाळा-कॉलेजांत वापरलं जाणारं एडमोडो 2022 च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं. गूगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, 31 डिसेंबर 2024 ला गेला. शिक्षणसंस्थांना गूगल ड्राइव्हवर अमर्याद जागा मिळायची, ती जुलै 2022 पासून अख्ख्या संस्थेत मिळून 100 टीबीवर आली, आणि ज्यांनी लॉकडाऊनमधली सगळी लेक्चर्स तिथं टाकून ठेवलेली त्यांना ती उपसत बसावं लागलं. तेव्हा पैसे द्यायच्या आधीच 10 प्रश्न टाका आणि बाहेर काढून बघा. मूडलमधून प्रश्न एक्सएमएल किंवा गिफ्ट फॉरमॅटमध्ये निघतात, ते दुसरीकडे टाकता येतात. कंपनीवाला म्हणाला "सर, पीडीएफ मिळेल ना", तर तिथंच थांबा, पीडीएफमधून प्रश्नपेढी परत उभी करायची म्हणजे सगळं पुन्हा टाइप करणं आलं.

मराठीत पेपर काढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो कारण हे डेमोत कधीच दिसत नाही. जुनी प्रश्नपेढी श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर पेस्ट केल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, ॲप बिघडलेलं नसतं, तो मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये) नाहीये. आधी कन्व्हर्टरमधून काढा, आणि मग जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांनी तपासा, तिथं हमखास घोळ होतो.

दुसरं दुखणं, उत्तर बरोबर आणि मार्क शून्य. एका शब्दाचं उत्तर टाइप करायच्या प्रश्नात मशीन अक्षर न् अक्षर जुळवतं. 'किनाऱ्यावर' मधला तो ऱ्य दोन पद्धतीने टाइप होतो, स्क्रीनवर सारखाच दिसतो, आतून कोड वेगळा. 'हिंदी' आणि 'हिन्दी' तर दिसायलाही वेगळे, मशीनला ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे मान्य उत्तरांत सगळी रूपं टाका, ऱ्य दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाइप करून टाका, नाहीतर सरळ बहुपर्यायी प्रश्न द्या. आणि निकाल लावायच्या आधी शून्य मिळालेली उत्तरं एकदा स्वतः वाचा, मी पहिल्यांदा वाचली नव्हती, दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग स्टाफरूमच्या दारात उभा होता.