रविवारी पेनिन्सुला प्लाझात ये

घरकामासाठी सिंगापूरला उतरलीस की आधी कुणीतरी तुझ्या नावाचे तुकडे करेल. आपल्या बर्मी लोकांना आडनाव नसतं, पण इथल्या बहुतेक फॉर्मवर त्याची चौकट असते. मग नावातला शेवटचा शब्द तिथे जाऊन बसतो. माझं बँकेत एक नाव झालं आणि वर्क परमिटवर दुसरंच. दोन्ही मीच, हे पटवण्यात एक अख्खी सुट्टी गेली. पासपोर्टवर आहे तोच क्रम, तेच स्पेलिंग सगळीकडे लिही. नावाआधी 'मा' (म्हणजे ताई) लावू नकोस, ते आपल्या माणसांनी हाक मारायला.

"सांभाळून ठेवते" असं मालकीण कितीही गोड बोलली तरी पासपोर्ट तुझ्याकडेच राहू दे. तो अडकवून ठेवायला कायद्याने मनाई आहे. आणि खिडक्या! आपण बैठ्या घरांत वाढलेल्या. इथे चौदाव्या मजल्यावर काच बाहेरून पुसायला सांगतात. ग्रिलला कुलूप आणि शेजारी घरातलं मोठं माणूस असल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. नियमच आहे तो, लाजू नकोस.

आठवड्याची सुट्टी पैशांच्या बदल्यात सोडता येते. २०२३ पासून मात्र महिन्यातला निदान एक दिवस विकता येत नाही. मी त्याआधीची, एजंटाचं कर्ज लवकर फिटावं म्हणून पहिल्या वर्षी सगळे रविवार विकले. फिटलं लवकर, पण आईशी फोनवर बोलताना साधे साधे बर्मी शब्द आठवेनात.

म्हणून रविवारी पेनिन्सुला प्लाझात ये, आपल्या बर्मी दुकानांच्या इमारतीत. सिटी हॉल स्टेशनपासून चालत. थनाका (गालाला लावायचा सालीचा लेप), मोहिंगा (माशाच्या रश्शातल्या शेवया), आंबवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर, सगळं मिळतं. पान खायची सवय असेल तर आताच सोड. चघळायच्या तंबाखूवर इथे बंदी आहे आणि थुंकलीस तर दंड. पैसे परवानाधारक दुकानातूनच पाठव, पावती घे. 'हुंडी', म्हणजे ओळखीच्या माणसामार्फत विनापरवाना पैसे पाठवणं, स्वस्त पडते म्हणतात, पण बुडाली तर तक्रार कुठे करणार?

देशाच्या गोष्टी निघतील, डोळे भरतील. तरी फलक घेऊन रस्त्यावर उभी राहू नकोस. परवान्याशिवाय एकटीने उभं राहणंही इथे गुन्हा ठरतो.

आणि घरचं घड्याळ दीड तास मागे असतं. काम आवरून साडेनऊला फोन लावलास, तर तिकडे आठच वाजलेले असतात, आई जागी असते.