जुनाट मायग्रेन: औषधांच्या जोडीला फिजिओथेरपी कशी घ्यावी

महिन्यातले 15 किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यांतले किमान 8 दिवस दुखणे मायग्रेनच्या स्वरूपाचे असेल आणि हा त्रास 3 महिन्यांहून अधिक काळ चालू असेल, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांची मानही धरलेली असते. कारण मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणाऱ्या आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूकडून येणाऱ्या संवेदना मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मानेतली वेदना डोळ्यामागे जाणवू शकते, तसेच मायग्रेनच्या झटक्यात मान दुखू शकते. म्हणूनच ‘तुमचे सगळे दुखणे मानेतच आहे’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर जरा सावध राहावे.

फिजिओथेरपिस्टकडे जाण्याआधी न्यूरोलॉजिस्टकडून निदान पक्के करून घ्यावे. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट यांसारख्या प्रतिबंधक गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, तेवढ्यात कंटाळून त्या सोडू नयेत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 दिवस किंवा ट्रिप्टान गटातल्या (मायग्रेनचा झटका आल्यावर तो थांबवण्यासाठी घ्यायच्या) गोळ्या 10 दिवस, असे महिनोन्महिने चालले असेल, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढलेली असू शकते. तिथे मालिश कितीही उत्तम झाली तरी उपयोग थोडाच. डोकेदुखीचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या यांची नोंद एका वहीत किमान महिनाभर आधीपासून ठेवावी.

पहिली भेट शक्यतो झटका नसलेल्या दिवशी ठरवावी. उग्र वासाचे तेल किंवा बाम वापरू नये आणि डोळ्यांवर येणारा दिवा बंद ठेवावा, हे आधीच सांगून ठेवावे. ही मागणी नाजूकपणाची नाही, उपचाराचाच भाग आहे. सर्वसाधारणपणे रुग्णाला उताणे झोपवून थेरपिस्ट डोक्याशी बसतो, दोन्ही तळहात डोक्याखाली सरकवतो आणि कवटीची मागची कड जिथे संपते, तिथल्या मऊ भागात बोटांची टोके टेकवतो. दाब देण्याची फारशी गरज नसते, कारण डोक्याचे वजनच बोटांवर येते. हळूहळू तिथले लहान, ताठलेले स्नायू सैल पडतात आणि डोके हातात जड होत गेल्याचे थेरपिस्टला कळते. त्यानंतर खांद्याचा वरचा स्नायू आणि कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू यांतल्या गाठी हलक्या हाताने सोडवल्या जातात. जितके जोरात तितके गुणकारी, ही आपल्याकडची समजूत इथे उलटी पडते: दाबामुळे ओळखीची डोकेदुखी उसळली आणि हात काढल्यावरही शमली नाही, तर दाब जास्त झाला असे समजून तसे लगेच सांगावे.

मान झटक्यात वळवून ‘कट्’ असा आवाज काढणे मात्र करू देऊ नये, मग ते दवाखान्यात असो की केस कापल्यावर सलूनमध्ये फुकट मिळणारे असो. अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळ असली तरी धोका पत्करण्याजोगा लाभही सिद्ध झालेला नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका चाचणीत 104 मायग्रेन रुग्ण होते. त्यात मणक्यांना असे झटके देणारा उपचार आणि त्याची निव्वळ नक्कल यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. उपचारानंतर मानेत अचानक नवी कळ, चक्कर, दुहेरी दिसणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही झाले, तर थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

घरी करायचा व्यायाम साधाच असतो: ताठ बसून हनुवटी मान न झुकवता सरळ मागे घ्यावी, 5 सेकंद धरावी आणि असे 10 वेळा करावे. चालणे, सायकल यांसारखा नियमित व्यायामही वाढवत न्यावा, पण एकदम दमछाक होईल इतका नको, कारण काहींना त्यानेच झटका येतो.

सहा ते आठ आठवड्यांनी वही उघडून आधीच्या महिन्याशी ताडून पाहावी. डोकेदुखीचे दिवस आणि गोळ्या दोन्ही जिथल्या तिथेच असतील, तर ‘अजून दहा सेशन घ्या’ या आग्रहाला बळी पडून पैसे घालवू नयेत. दिवस कमी झाले असतील तरी गोळ्यांचा डोस स्वतःहून घटवू नये. विशेषतः प्रोप्रॅनोलॉल अचानक बंद केल्यास हृदयाला त्रास होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करावे.